अवंतीची आंघोळ

"दीदी, पाणी जास्त गरम तर नाही ना?" क्षमाने पुन्हा विचारलं.

"कोपर बुडवून पाहा," अंजनी म्हणाली. "मला काहून विचारतेस? पोरगी तुझी आहे."

क्षमाने कोपर बुडवलं. दीड वर्षाची अवंती टबाची कड धरून उभी होती, आणि न्हाणीच्या दारात क्षमाची सासू, शैलजाबाई, पहाऱ्याला.

त्यांचंही चुकत नव्हतं. बाळंतपणानंतर दुखण्यासाठी घेतलेल्या गोळ्या क्षमाला सुटल्याच नाहीत. एका दुपारी ती गुंगीत पडलेली आणि शेजारी पोर रडून रडून निळी झालेली. शेवटी शेजाऱ्यांनी दार तोडलं. नेपियर टाउनच्या व्यसनमुक्ती केंद्रातून क्षमा बरी होऊन आली, पण कांचघर मोहल्ल्यातल्या या घरात तिच्या एकटीच्या हाती पोर कुणी दिली नाही.

अंजनी त्याच केंद्रातून यायची. डॉक्टर नाही, नर्सही नाही. कधीकाळी ती स्वतःच तिथे भरती होती. आता बरं होऊन घरी परतलेल्यांपाशी जाऊन बसायचं, हेच तिचं काम.

"सरक, मी घालते," शैलजाबाई म्हणाल्या. "हात पाहा तिचे, कसे थरथरून राहिले."

"भीतीनं थरथरून राहिले, काकू. माझेही असेच थरथरायचे."

"तुम्हाला लेकरं?"

"एक मुलगी. गीतांजली. कॉलेजात आहे."

"मग तुमच्या हाती कशी दिली घरच्यांनी?"

"नाही दिली." अंजनीने टॉवेल क्षमाच्या खांद्यावर टाकला. "मी दारू प्यायची. बहिणीनं तिला नागपूरला नेलं. चांगली वाढवली, खोटं काहून बोलू. मी बरी झाले तेव्हा सगळे म्हणाले, थोडं थांबू. मग अजून थोडं. आता ती बहिणीला आई म्हणते. मला मावशी."

 शैलजाबाई टबातल्या पाण्याकडे बघत राहिल्या. मग खुंटीवरची पिशवी त्यांनी काढली.

"भाजी घेऊन येते. चला अंजनीताई, तुम्हीही."

क्षमाचा चेहरा उतरला. "आई, मी एकटीच?"

"एकटी कशी? पोरगी आहे ना सोबत."

कोपऱ्यावरच्या भाजीच्या ठेल्यापाशी पोचतात न पोचतात तोच घरातून अवंतीचं रडणं ऐकू आलं. शैलजाबाईंचं पाऊल मागे वळलं. अंजनीने त्यांचा हात धरला. ओढला नाही, नुसता धरला.  रडणं वाढलं. मग त्यात क्षमाचा आवाज मिसळला, काहीबाही समजावणारा, आणि हळूहळू दोन्ही आवाज निवत गेले.

"अम्माजी, मेथी दूँ क्या?" ठेलेवाल्याने विचारलं.

शैलजाबाईंनी मोकळ्या हाताने एक जुडी उचलली, उलटीपालटी करून पाहिली. ताजी होती. तरी ती त्यांनी खाली ठेवली, आणि सावकाश दुसरी बघू लागल्या.