दांडीला लटकलेली किंमत

आमच्या गावात गॉगल लावतात ते मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले, नाहीतर वरातीत नाचणारे, नाहीतर फ्लेक्सवरचे. सुना यातल्या कशातच बसत नाहीत. म्हणून डोळ्यात पाचटाचं कुसळ गेलं, डोळा टोमॅटोसारखा झाला, तरी गॉगल हा शब्द मी घरात उच्चारला नाही.

कुसळ गेलं ते उसाच्या ट्रॉलीमागून सायकल चालवताना. कारखाना चालू असला की इस्लामपूरच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग असते आणि उसाचं वाळकं पाचट वाऱ्यावर उडत असतं. गाव दूध घालायला बाहेर पडायच्या आत सायकलवरून परत यायचं, असं माझं आणि आत्तींचं ठरलं होतं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, बनाबाई. तेवढा वेळ चार वर्षांच्या प्रांजलला त्या कुशीत घेऊन झोपायच्या. अट एकच होती, गवगवा नको.

साताऱ्याजवळच्या एका धरणावर ट्रायथलॉन होणार होती, मला तिच्यात उतरायचं होतं. आधी पोहायचं, अंग न पुसता सायकलवर बसायचं, सायकल टाकून पळायचं, सगळं एका दमात. माझं माहेर सांगलीचं, घाटाजवळचं. कृष्णेत पोहत मी मोठी झाले, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. बाकीचं शिकवायला साताऱ्याच्या चारुशीला मॅडम होत्या, फोनवरून. नवरा, वीरधवल, फौजेत. तो म्हणाला, माझी हरकत नाही, आबांना विचार. आबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, त्यांना मी कशी विचारणार? आमच्याकडे सून सासऱ्याशी समोर उभी राहून बोलत नाही. आत्तींनी विचारलं. काय विचारलं कोण जाणे, पण मामा नाही म्हणाले नव्हते.

त्या दिवशी आत्तींनी पदराचा बोळा केला, फुंकरीनं ऊन करून डोळ्यावर धरला आणि म्हणाल्या, डोळ्याला कायतरी घाल बाई, फुटलाबिटला तर पोराला काय सांगू. पोराला म्हणजे वीरधवलला.

मॅडमनी लगेच निरोप पाठवला. काळीभोर काच घेऊ नकोस, स्पर्धेच्या रस्त्यावर वडाची सावली आहे, सावलीत शिरलीस की खड्डा दिसायचा नाही. बाजूनं वारा आत यायला नको. खाली वाकून डोकं झटक, नाकावरून घसरला तर ठेवून दे. घामानं धुकं धरतो का बघ. आणि नाव बघून पैसे घालवू नकोस.

सांगलीला मी माहेरी जायच्या निमित्तानं गेले. धाकटे दीर, जयराज भावजी, ट्रॅक्टरचा कसला पार्ट आणायला निघालेच होते, त्यांच्या मोटारसायकलवर. चष्म्याच्या दुकानापर्यंत ते आले आणि आतही आले. वैनी, तुमाला फसवतील, म्हणाले.

दुकानदारानं काचेखालून एक गॉगल काढला. उन्हात आपोआप गडद होणारा, सावलीत उतरणारा. मी तो घातला आणि चेहऱ्यावर काही आहे असं वाटेचना. वाकले, डोकं झटकलं, त्या चकचकीत फरशीवर दोन उड्यासुद्धा मारल्या. दुकानातल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. गॉगल हलला नाही. आरशात बघितलं तर कुणी दुसरीच उभी होती, जिला कुणाला विचारावं लागत नाही अशी. भावजी म्हणाले, वैनी, हिकडं बघा, आणि मोबाइलवर फोटो काढला. मग मी दांडीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी उलटून पाहिली. आठ हजार नऊशे. गॉगल परत ठेवताना मी उगीचच म्हणाले, रंग नाही आवडला.

नंतर वखारभागात एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. ग्राइंडरवर काम करणारे घालतात तो पारदर्शक चष्मा तिथं दीडशेला मिळाला. बाजू झाकलेल्या, काच स्वच्छ, दगड उडाला तरी फुटायची नाही. सैल होता. घरी येऊन प्रांजलच्या जुन्या चड्डीचं इलॅस्टिक दोन्ही दांड्यांना शिवलं. आतून तिच्याच शाम्पूचा एक थेंब चोळून पुसला, की धुकं धरत नाही. वेल्डिंगवाल्यासारखी दिसत होते, पण एक कुसळ आत आलं नाही. आठवडाभर मी खुशीत सायकल मारली.

मग एका दुपारी प्रांजलला अंगणवाडीतून आणताना ती चौकात थांबली आणि वर बोट करून म्हणाली, "आई, तू."

दूध डेअरीच्या वर, विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, मी होते. बैलगाडीएवढी. डोक्यावर पदर नाही, डोळ्यांवर तो गॉगल, ओठांवर मी कधी घरात हसत नाही तसलं हसू. खाली लिहिलं होतं, आपल्या गावची शान, ट्रायथलॉन विजेत्या सौ. राजनंदिनी वहिनी यांचे हार्दिक अभिनंदन. त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीनं, सगळे गॉगल लावलेले, मधोमध जयराज भावजी. आणि माझ्या कानाजवळ, ताटाएवढी झालेली, ती किमतीची चिठ्ठी. आकडा रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होता.

स्पर्धा अजून आठ दिवसांवर होती.

डेअरीपुढं उभ्या बायकांनी जागा करून दिली, जशी पाहुण्यांना देतात. तानुबाई म्हणाली, आता आमच्याशी कशाला बोलतील, हिरोईन झाल्या. दुसरी म्हणाली, उन्हाचं काय दिसतंय का वं त्यातनं, का नुसतं रुपयंच दिसत्यात? मी हसले. असल्या वेळी हसायचं असतं. प्रांजल मात्र तिथून हलेना, तिनं फ्लेक्सला टाटा केला.

भावजींना मी सांगितलं, आजच्या आज तो उतरवा. त्यांचा चेहरा पडला. स्वतःच्या खिशातनं केला होता त्यांनी, वर्गणीसुद्धा घेतली नव्हती. मी म्हटलं, अहो, मी अजून पळालेसुद्धा नाही, विजेत्या कुठली? तर ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "वैनी, निवडून आल्यावर कुणीबी लावतंय. आदी लावतंय ती आपली मान्सं." आणि उतरवणं तर शक्यच नव्हतं. खाली सतरा पोरांचे फोटो होते. गेल्या वर्षी एकाचा फ्लेक्स वाऱ्यानं पडला, तर पाडला म्हणून दोन आळ्यांत मारामारी झाली होती.

त्या संध्याकाळी मामा अर्धी भाकरी ठेवून उठले. दुसऱ्या दिवशी गावच्या विकास सोसायटीत बसायला गेले ते लगेच परत आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. आत्तींनी पहाटेच प्रांजलला माझ्या अंथरुणात आणून ठेवलं. म्हणजे आता पहाटेचं बंद.

मला वाटलं, सगळं गाव आकडा वाचतंय. खताच्या दिवसांत सुनेनं आठ हजार नऊशेचा गॉगल उडवला, असंच म्हणत असणार. मी चारुशीला मॅडमना निरोप लिहिला, यंदा जमत नाही. लिहिला आणि पाठवला नाही. पाठवला असता तर निदान तेवढं तरी संपलं असतं. त्याऐवजी मी तो उघडून बघत राहिले, कणीक मळताना, प्रांजलच्या वेण्या घालताना. न जाण्याची लाज आणि जाऊन हरण्याची लाज, यातली कुठली कमी जड, ते उचलून बघत होते.

शेवटी एका दुपारी आत्ती वैरणीला गेलेल्या बघून मी गोठ्यात गेले. मामा यंत्रावर कडबा तोडत होते. मी खांबाशी उभी राहिले. पदर सारखा केला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मामांशी स्वतःहून बोलायचं पहिलं वाक्य मी तीन दिवस पाठ केलं होतं.

"मामा, तो गॉगल मी घेतला नाही."

यंत्र थांबलं. ते म्हशीकडे बघत म्हणाले, "म्हाईत हाय. त्येचीच लाज वाटती मला."

मला काही कळेना.

"घेतलेल्या वस्तूला चिठ्ठी कोण ठेवतंय, पोरी? गावानं बगितली की ती. सोसायटीत त्यो केरबा मला म्हनला, बाळासो, तुझ्या सुनंला दुकानातला माल घालून फोटू काढायला लागला व्हय रं? ऊस घालतुयास कारखान्याला, का चिपाडं?" त्यांनी कपाळ पुसलं. "माघारी ठेवलास तू त्यो. समद्या गावानं बगितलं, तू माघारी ठेवलास त्ये."

इतके दिवस आम्ही दोघं एकाच चिठ्ठीला लाजत होतो, मी एका बाजूनं आणि ते दुसऱ्या. मला त्यांच्याकडे बघवेना. मी सायकलवर असताना या माणसाच्या मनात काय चालतं, ते मी एकदाही मनात आणलं नव्हतं. नुसते घाबरत होते.

त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, घडी घातलेल्या, घामानं मऊ झालेल्या. मोजून आणलेल्या असणार, कारण पुन्हा मोजल्या नाहीत. म्हणाले, उद्या जयराजसंगं जा आणि घिऊन ये. चिठ्ठी काढूनच ये तिथनं.

माझा हात पुढं झाला. खोटं कशाला सांगू, मला तो हवा होता. चेहऱ्यावर काहीच नसल्यासारखा तो हलकेपणा, आणि आरशातली ती बाई. तिच्यासाठी हात पुढं झाला. पण तो गॉगल घातला की मला फ्लेक्सवरची ती विजेती व्हावं लागणार, आणि ते काही मला जमणार नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला. मी म्हणाले, "मामा, मी जिंकणार नाही. शेवटच्या चार-पाच जणींत येईन."

"म्हंजी?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इजेती लिवलंय की."

"भावजींनी लिहिलंय."

ते कडब्याच्या पेंढीवर बसले. मग म्हणाले, "म्हंजी हरायला चाललीयास व्हय तू? एवढी पाट्टंची उठून?"

"पुरं करायला चाललेय. ते होईल माझ्याच्यानं. त्याला हाच चष्मा पुरतो." ओचा उलगडून मी वेल्डिंगवाल्याचा चष्मा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, इलॅस्टिकचा टाका ताणून बघितला. त्यावर चड्डीतली फुलं अजून दिसत होती. माझे कान तापले.

"पैसे नकोत," मी म्हणाले. "तुम्ही बघायला चला."

"त्या तसल्या कपड्यातल्या बाया बगायला?"

"मला बघायला."

हे कसं बोलले, मला आजही नीट सांगता येत नाही. एवढंच कळत होतं, की मी शेवटून आलेली जर घरच्यांनी डोळ्यांनी बघितली, तर मला त्या खांबांमधल्या बाईच्या खाली मान घालून राहायची गरज उरणार नाही. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. नोटा खिशात गेल्या, यंत्र पुन्हा चालू झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र मी उठले तेव्हा प्रांजल माझ्या अंथरुणात नव्हती, आत्तींच्या कुशीत होती.

स्पर्धेच्या दिवशी सगळे आले. भावजींनी मित्राची जीप आणली होती. फेटा बांधूनच आले होते, तो कशासाठी ते मी विचारलं नाही. मामांनी इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घातली होती, लग्नाला निघाल्यासारखी. धरणाच्या काठावर बायका पोहायच्या कपड्यांत इकडून तिकडे फिरत होत्या आणि मामा आपल्या पायताणांकडे बघत होते.

माझा पोशाख घोट्यापर्यंत होता, मनगटापर्यंत होता, तरी टॉवेल सोडवेना. सगळ्या पाण्याकडे निघाल्या तरी मी तशीच. शेवटी आत्तींनी माझ्या खांद्यावरून तो ओढून घेतला. म्हणाल्या, जा आता, का मी जाऊ?

पाणी गार होतं. पहिल्या हातातच मागं पडले. वळसा घालून परत फिरले तर सूर्य समोर, पाण्यावर चमकणारं ऊन, आणि बाहेर यायच्या जागी खुणेला बांधलेलं तांबडं पिंप कुठं दिसेना. मॅडमनी शिकवलं होतं, मान वर काढून काठावरची एक खूण धरायची आणि तिच्यावरच पोहत राहायचं. मी मान काढली. काठ माणसांनी भरलेला, सगळे चेहरे पाण्याकडे, सगळे एकसारखे. आणि त्यात एक पांढरी पाठ. धरणाकडे पाठ करून, हात मागं बांधून, डोंगराकडे तोंड करून मामा उभे होते.

मी ती पाठ धरली. दर चार हातांनी मान वर काढायची, पाठ आहे का बघायचं. पाठ हलली नाही.

माझ्या मागं दोघीच होत्या. चिखलातून वर आले तेव्हा दम इतका लागला होता की कान वाजत होते, तरी मामांचा आवाज आला. ते प्रांजलला विचारत होते, कुठवर आली गं, आली का भाईर?

"आली," प्रांजल म्हणाली. "आई लय ओली हाय."

"माघारी नको बगू म्हणावं," मामा म्हणाले, "पळ म्हणावं तिला." वळले मात्र नाहीत. डोंगराकडेच बघत त्यांनी उजवा हात लांब केला आणि सायकली कुठल्या अंगाला आहेत ते दाखवलं. मी त्यांच्या शेजारून पळत गेले, माझ्या अंगावरचं पाणी त्यांच्या सदऱ्यावर उडालं असणार. वळणावरून बघितलं तर हात अजून तसाच होता, मागच्या दोघींसाठी.