ठमीचा तेराशे, बाबाचा सतराशे

गल्लीत त्याला सगळे उचापती म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. खाली कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, वर घर, आणि दिवसभर जिन्यावरून खाली-वर करताना कुणाची तरी खोडी काढायची हा त्याचा मुख्य धंदा. दुरुस्ती आपली जोडीला. समोरच्या शिंप्याचा माउस त्याने एकदा असा करून दिला होता की उजवं बटण डाव्याचं काम करायचं. शिंपी परत आला, तर ह्याने डॉक्टरसारखा चेहरा करून विचारलं, "झोप लागते ना नीट?"

पण मुलगी ठमी नोकरीसाठी दूर गेली आणि खोड्यांची चवच गेली. शिंपी चिडून चिडून चिडणार किती? ठमी चिडायची तेव्हा घर दणाणायचं. आता ती रविवारी सकाळी फोन करायची. "गोळी घेतलीस? जिना सांभाळून उतर. आईला दे." चार मिनिटं, मोजून. "कधी येतेस?" असं विचारलं की एकच उत्तर, "बघते."

दुकानाच्या मागच्या टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर शेजारी-शेजारी बसलेले होते. एक त्याचा, एक ठमीचा. ती दहा वर्षांची असताना दोघांनी मिळून, झिजल्या टोकाच्या एकाच स्क्रू-ड्रायव्हरने जोडलेले. दोन्हींचे प्रोसेसर त्या काळातले सगळ्यात स्वस्त. त्याच्यावर वेगाचा आकडा मोठा होता, सतराशे. ठमीच्यावर तेराशे. "बघ, तुझ्या बापाचा सतराशे!" म्हणून तो मिरवायचा. मग शर्यत लागायची. शाळेतल्या ठमीच्या नाचाचा व्हिडिओ दोन्हींवर एकदम लहान करायला टाकायचा, आणि आधी कोण संपवतो ते बघायचं. दर वेळी तेराशेवाला अकरा मिनिटांत मोकळा. सतराशेवाला चौदाव्या मिनिटाला धापा टाकत यायचा.

"तुझा नुसता तुरुतुरु चालतो," ठमी सांगायची. "माझा ढांगा टाकतो. शिवाय तुझ्याच्या खिशात काही मावतच नाही. सारखा सामान आणायला बाहेर पळतो."

दहा वर्षांच्या पोरीने प्रोसेसरचं मर्म सांगितलं होतं! आज ती कुठल्याशा मोठ्या कंपनीत हेच काम करत होती, आणि बापाला चार मिनिटं देत होती.

तर एका सोमवारी उचापतीच्या डोक्यात किडा वळवळला. त्याने ठमीच्या कॉम्प्युटरमधलं बटणाएवढा बॅटरीचा सेल काढून परत बसवला. एवढं केलं की ते जुनं मशीन आपल्या सगळ्या सवयी विसरतं आणि भित्र्यासारखं हळू चालायला लागतं. तेराशेचा हजार होतो. मग शर्यत लावली. सतराशेवाल्याला लागली चौदा मिनिटं, ठमीच्याला पंधरा. त्याने पडद्याचा फोटो काढला, त्यातली वेगाची ओळ शहाण्यासारखी कापली आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, 'म्हातारा जिंकला.'

दोन मिनिटांत फोन. सोमवारी! कामाच्या वेळेत!

"बाबा, तू काहीतरी केलंयस."

"मी? माझा हात तरी लागला का?"

"शक्यच नाही. सेटिंग उघड. काय दिसतं ते वाच."

त्याने सावकाश, चष्मा पुसत, चुकीचं वाचलं. चाळीस मिनिटं गेली. वरून बायकोने हाक मारली, "अहो, कुणाशी एवढं गुलूगुलू चाललंय?" त्याने दोन बोटं उंचावून विजयाची खूण केली. ती जिन्यावरून दिसणार नव्हती, पण केली.

तीन आठवडे हे चाललं. ठमी एक उपाय सांगायची, हा तो केल्याचं सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी नवं दुखणं कळवायचा. मध्येच ती तिच्या साहेबाबद्दल बोलायची, खोलीतल्या गळक्या नळाबद्दल बोलायची. एकदा तर नुसतीच खळखळून हसली. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की एक दिवस ही वैतागून म्हणणार, 'थांब, मीच येते.'

मग दुखणी संपली. काहीतरी जोरदार हवं होतं. बुधवारी दुपारी त्याने ठमीच्या प्रोसेसरवरच्या पंख्याची वायर काढली. पाच मिनिटं तापेल, अडकेल, आपण फोटो काढू आणि वायर लावू, एवढाच बेत. तेवढ्यात पुढे गिऱ्हाईक आलं, प्रिंटर घेऊन. कागद कसा अडकला ह्याची गिऱ्हाइकाने साद्यंत कथा सांगितली. उचापती परत आला तेव्हा पडदा काळा होता आणि टेबलावर करपल्याचा वास.

त्याने पंखा लावला. सेल काढला, घातला. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. शेजारी सतराशेवाला मात्र घरघरत होता.

बायको जिना उतरून आली. वासावरूनच तिला कळलं. "तिचा जाळलात?"

तिने त्याचाच फोन उचलून त्याच्या हातात दिला. "आता खरं सांगा. आयुष्यात एकदा."

ठमीने फोन उचलला. "काय, आज कुठे दुखतंय?"

"ठमे, तुझा गेला गं. मीच पंखा काढला होता. आणि आधीचं सगळंही मीच. तू यावंस म्हणून."

"माहितीये," ती म्हणाली. "पहिल्याच फोटोत कळलं होतं. वेग कापलास, तारीख राहिली. खाली कोपऱ्यात वीस वर्षांपूर्वीची एक जानेवारी होती. सेल काढला की तारीखसुद्धा विसरतो तो, हे तूच शिकवलंस."

"मग तीन आठवडे भांडलीस कशाला?"

"एरवी तू बोलतोस कुठे? मी विचारते, तू हं म्हणतोस आणि आईला फोन देतोस."

उचापतीने खुर्ची ओढली, बसला. इतक्या वर्षांत त्याच्यावर उलटलेली ही पहिलीच खोडी.

"तुझा सुरू आहे?" तिने विचारलं.

"आहे की."

"फोन जवळ ने."

त्याने नेला. सतराशेवाल्याचा पंखा नेहमीसारखा घरघरला आणि मध्येच खोकला. बराच वेळ तिघंही तो ऐकत राहिली.

"माझ्या मशीनला हात लावू नकोस," शेवटी ठमी म्हणाली. "जळलेला मीच काढणार."

"कधी येतेस?"

"बघते." मग जरा थांबून, "तुझ्या त्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक अजून झिजलेलंच आहे ना?"

"हो."

"मग राहू दे. मी माझा आणते."