जितं ठेवलेलं प्यादं

"पोरी, सगळं खाऊ नगंस. समोरच्याकडं निस्ता राजा उरला की डाव बुर्ज. ना तुझी जीत, ना त्याची हार. जिंकायचं आसंल तर त्याचं एक तरी प्यादं जितं ठेव."

तेर गावच्या ओसरीत ऐकलेला मामाचा हा आवाज पन्नाशी आली तरी गौराबाईच्या कानात ताजा होता. पण कानातलं हातात कधी उतरलं नाही. हात पडला झाडूनपुसून घेणाऱ्या बाईचा. सुपात खडा राहू द्यायचा नाही, परातीत पीठ राहू द्यायचं नाही. मग पटावर नवऱ्याचं लाल प्यादं एकटंच उभं दिसलं, की हात आपसूक पुढं जायचा. तिनं ते उचललं की महालिंगप्पा मांडीवर थाप मारून हसायचे. "बुर्ज! जिंकलेला डाव घालवलास बघ."

एरवी तीही हसली असती. पण औंदा पैज लागली होती.

महालिंगप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उमरग्याच्या बाजारात मिरचीच्या रंगावरून तिचं गाव सांगणारा माणूस आता भिंतीला हात लावत न्हाणीकडं जायचा. सोलापुरात डोळ्याचा डाक्तर होता. निजामाची हद्द संपली, करोडगिरीचा जकातनाका मागं पडला, की पुढं इंग्रजी मुलखात सोलापूर. गौराबाई विनवून विनवून थकली. म्हातारा हट्टी. शेवटी म्हणाला, "डोळ्याबिगर माझं काय अडलंय? पट सगळा डोक्यात हाय. तू चाल सांग, म्या खेळतो. मला हरवून दाव, मग येतो सोलापूरला."

तेव्हापासून ती जिंकत यायची, आणि अगदी काठावर ते आपलं शेवटचं प्यादं तिच्या नाकासमोर सरकवायचे. तिचा हात ते उचलायचा. झालं, सोलापूर राहिलं.

आज दुपारी डाव पुन्हा तिथंच आला. तिच्याकडं राजा, दोन हत्ती आणि एक हिरवं प्यादं. त्यांच्याकडं राजा आणि एक लाल प्यादं. शेजारचा बब्रुवान उंबऱ्यावर तंबाखू मळत बसला होता.

"काकू, छकडा जुपू का बैलं सोडू चरायला?"

"गप बस रं."

"न्हाय, काका वाढत्यात अन् तुमी खाताव. असा सोन्यासारखा नवरा कुठं मिळायचा?"

महालिंगप्पा मिशीत हसले. "माझं प्यादं एक घर फुडं."

लाल प्यादं नेमकं तिच्या हत्तीच्या वाटेत येऊन उभं राहिलं. खा म्हणून. गौराबाईचा हात उठला, प्याद्याच्या डोक्यावर आला, बोटं मिटायला लागली. तिनं हात झटक्यानं मागं ओढला आणि मांडीखाली दाबून धरला. मग डाव्या हातानं आपलं हिरवं प्यादं एक घर पुढं लोटलं. दोन्ही प्यादी नाकाला नाक लावून उभी राहिली. आता लाल प्याद्याला पुढं वाट नव्हती, आणि कुणी मारल्याशिवाय ते मरणारही नव्हतं.

"प्याद्याफुडं प्यादं लावलं," ती म्हणाली. "म्या न्हाय खात. पोट भरलंय माझं."

बब्रुवानाची तंबाखू तळहातावरच राहिली. "आगागागा!"

महालिंगप्पांचं हसू मावळलं. मग राजाच तेवढा पळू लागला. गौराबाईनं एका हत्तीनं वाट अडवली, दुसऱ्यानं शह दिला. राजा एक ओळ मागं सरला. पुन्हा शह, पुन्हा मागं. एकदा तो हत्तीच्या अंगावर धावून आला, तर तिनं हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. घाई केली नाही. उतू जाणाऱ्या दुधापाशी बसावं तशी बसली होती. राजा काठाला टेकला.

"शह," ती म्हणाली. "मात."

महालिंगप्पा पुढं वाकले. राजाच्या भोवतालचं एकेक घर त्यांनी बोटानं चाचपलं. हत्तींच्या ओळींवरून बोट फिरवलं. मग लाल प्याद्याचं डोकं हाताला लागलं, तिथं बोट थांबलं.

"जुप रं छकडा," ते म्हणाले. बब्रुवान उड्या मारतच गेला.

ओसरीत दोघंच उरली. गौराबाई सोंगट्या गोळा करायला लागली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"चिडलाव का?" तिनं विचारलं.

"न्हाय गं. आमच्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या डोळ्यात वैदूनं सुई घातली व्हती. त्याच्या आदी त्याला उजेड तरी दिसायचा. मग त्यो उजेड बी गेला."

"ह्यो डाक्तर हाय, वैदू न्हवं."

"ठावं हाय. समदं ठावं हाय मला. पर सांजंला तू दिवा घिऊन येतीस न्हवं, तवा मला एक सावली दिसती. पिवळी, हलती. तोंड न्हाय दिसत, पर तूच हाईस हे कळतं. त्यो डाक्तर डोळ्याला हात लावंल अन् ती बी जाईल, ह्याचंच भ्या वाटतंय, गौरे. हट्ट कसला? भ्या वाटतंय मला."