चव्वेचाळिसावं नाव

मातीच्या जवानाची उजवी टाच जमिनीपासून साडेचार सेंटिमीटर वर होती. मी पट्टी लावून मोजली. त्याच्या दोन्ही खांद्यांवर आडवा टाकलेला जखमी जवान होता. साठ किलोचं ओझं घेतलेला माणूस एवढी टाच उचलत नाही, पाय घासत चालतो. शिवाय हा ताठ होता.

"जिनपाल, हा पुढे वाकायला हवा," मी म्हणाले. "नाहीतर ओझ्यासकट मागे पडेल."

जिनपालनं ओल्या फडक्याला हात पुसले. सांगलीत कुपवाड रस्त्याला त्याची शेड आहे. आमच्या गावाचा पुतळा तो करत होता. "मॅडम, मी वाकवलाच होता. तुमच्या फौजी काकांनी सरळ करून घेतला."

"वाकलेला जवान गावात उभा करायचा व्हय?" नाथाजीकाका म्हणाले. ते पुतळ्याच्या बुटांपाशी उकिडवे बसले होते. "आन् ह्या नाड्या बघ. असल्या नाड्या बांधून फॉलिनला रांगेत आला असता, तर पाठीवर पिट्टू लावून दिवसभर पळवला असता उस्तादानं."

"आवं काका, तो फॉलिनला न्हाई," जिनपाल म्हणाला. "लढाईत हाय."

"लढाईत काय नाडी सोडून पळत्यात?"

स्मारक समितीतून आम्ही तिघं आलो होतो. तिसरे आमचे अध्यक्ष, सुभेदार लालासाहेब. ते खुर्चीत बसून होते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या उजव्या मांडीत गोळी शिरली होती. पंचाहत्तरी झाली तरी काठी घेत नाहीत, पण बसायला मिळालं की आधी बसतात.

मी गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. अक्षर बरं आहे म्हणून स्मारक समितीनं मला सचिव केलं. गावातून लढाईला गेलेल्या त्रेचाळीस जणांची नावं चौथऱ्याच्या पाटीवर ओतून येणार आहेत. फौजेतून रीतसर सुटल्याचं डिस्चार्ज बुक दाखवा, नाव घाला, असा नियम. तो लालासाहेबांनीच केला.

माझ्या वडिलांचं, भाऊसोंचं, डिस्चार्ज बुक नाही. एकाहत्तरला ते लालासाहेबांच्याच सेक्शनमध्ये होते. पुढं दुष्काळात रजेवर आले. आजी अंथरुणाला खिळलेली, पाणी दीड कोसावर. रजा संपली तरी ते परत गेले नाहीत. चार महिन्यांनी मिलिटरी पोलीस आले. त्यांना आमचं घर दाखवलं ते लालासाहेबांनी. तेव्हा तेही सुट्टीवर होते. फौजेनं वडिलांचं नाव कापलं आणि गावानं त्यांना भगोडा म्हणायला सुरुवात केली. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, तरी शब्द राहिला.

समितीच्या सात बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत मी ऐनवेळच्या विषयात वडिलांचं नाव मांडलं. युनिटमधून मागवलेला कागद जोडला. ते लढाईत होते, एवढं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. प्रत्येक वेळी लालासाहेब चष्मा काढून म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू." प्रत्येक वेळी मी इतिवृत्तात तेच शब्द उतरवले. नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत, म्हणून मी मांडत राहिले.

आज मात्र पुढची बैठक नव्हती. मंगळवारी जिनपाल साचा घेणार होता. पुतळ्याचा आणि पाटीचाही. त्यानंतर काही बदलत नाही.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. दहावीत मी तरफेची गणितं सोडवत होते, तेव्हा वडील शेजारी बसून म्हणाले होते, "पाठीवर ओझं आलं की वाकावंच लागतं. लालाला आणताना दीड मैल तसाच वाकून आलो." मी वर पाहिलं. ते म्हणाले, "हे तू कुठं बोलायचं न्हाई. त्याला वाटलं तर तो सांगंल."

लालासाहेब गावात सांगत आले ते वेगळंच. आपल्याला स्ट्रेचर पार्टीनं उचललं, असं.

जिनपालनं पाण्याचा फवारा मारून माती ओली केली. "काका, एकदा शेवटचं सांगा. जखमीचं डोकं उजवीकडं का डावीकडं?"

"उजवीकडं," नाथाजीकाका म्हणाले. "ट्रेनिंगला असंच शिकवत्यात. एक हात त्याच्या पायातनं घालायचा, मनगट धरायचं. दुसऱ्या हातात रायफल."

"असं न्हवतं," लालासाहेब म्हणाले.

"काय न्हवतं?"

"असं आडवं न्हवतं घेतलेलं." ते खुर्चीतून उठले आणि पुतळ्याजवळ आले. "मांडीत गोळी हाय. पायातनं हात घातला तर जखमी वरडंल का न्हाई? आन् घेणाऱ्याचा डावा हात फुटलेला. तो मनगट कसं धरंल?"

नाथाजीकाका हसले. "हात फुटलेला कशाला दावायचा आता? चांगला धडधाकट जवान हाय."

लालासाहेबांनी ऐकलं नाही. "जिनपाल, खाली बस."

जिनपाल गुडघ्यावर बसला. लालासाहेबांनी मागून त्याच्या गळ्यात हात टाकले आणि त्याच्या पाठीवर अंग सोडलं. पंचाहत्तर वर्षांचा माणूस लहान पोरासारखा पाठुंगळी बसला. जिनपाल हळूहळू उठला, आणि उठताना आपोआप पुढं वाकला.

"दोन रायफलींचे पट्टे जोडले," लालासाहेब त्याच्या खांद्यावरून सांगू लागले. "माझ्या कंबरंखालनं घेतले, त्याच्या छातीवर गाठ मारली. म्हंजी हातानं धरायचं काम न्हाई. माझी मान अशी. तोंड त्याच्या कानापाशी. मी झोपू नये म्हणून त्यो बडबडत होता. गावातल्या विहिरी मोजायला लावल्या मला. चुकलो की पहिल्यापासनं."

जिनपालनं मला खूण केली. मी पट्टी घेतली आणि जमेल तेवढी मापं लिहून घेतली. धड उभ्या रेषेपासून अंदाजे पस्तीस अंश पुढे. टाचा दोन्ही जमिनीवर. माझं अक्षर नेहमीपेक्षा मोठं येत होतं.

"सोड खाली," लालासाहेब म्हणाले. जिनपालनं त्यांना खुर्चीत बसवलं.

नाथाजीकाका आता हसत नव्हते. "लाला, तू तर म्हणायचास स्ट्रेचर पार्टीनं आणलं."

"म्हणायचो."

"मग गावातल्या विहिरी स्ट्रेचरवाल्याला कशा ठावं रं?"

जिनपाल उगाच फडकं पिळत राहिला. वडिलांचं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते मी बोलले नाही. बोलायचं नाही, असं ठरलं होतं. पण विषय मांडायला मला कुणी मना केलं नव्हतं. मी वहीचं पान उलटलं, तारीख घातली.

"काका," मी लालासाहेबांना म्हणाले, "समितीच्या पाचपैकी आपण तिघं हजर आहोत. बैठक धरता येईल. आज यादी द्यायची आहे. ऐनवेळचा विषय आठव्यांदा मांडते. भाऊसोंचं नाव."

"डिस्चार्ज बुक न्हाई," लालासाहेब म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"नाही. युनिटचा कागद आहे."

"कागद मी पहिल्याच बैठकीत वाचला, अंजना."

"मग हो किंवा नाही, काय ते सांगा. पुढची बैठक आता लिहिता येणार नाही. नाही म्हणालात तर तसंच लिहीन, एक अक्षर बदलणार नाही."

त्यांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या, आणि तो परत डोळ्यांवर चढवला. आधीच्या सातही वेळा तो त्यांच्या हातातच राहिला होता.

"पोलीस आले तवा त्यो गोठ्यात होता," ते म्हणाले. "मी नाईक होतो. वर्दी अंगावर न्हवती, तरी विचारल्यावर खोटं बोलवंना. बोट केलं. ते बरोबरच होतं, आजबी मी तेच करंन. पण ज्याच्या पाठीवर बसून आलो, त्याच्याकडं बोट केलं हे कुणाला सांगायचं? म्हणून स्ट्रेचर पार्टी. त्यो त्यानंतर चाळीस वर्षं भेटंल तवा मला रामराम घालायचा. त्यातच मेलो मी."

"लाला," नाथाजीकाका हळू आवाजात म्हणाले, "नियम तुझाच हाय, गड्या."

"व्हय. माझाच हाय."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठून उभे राहिले. उजव्या पायावर भार देऊन ते सरळ झाले.

"अंजना, लिही. सिपाई भाऊसो याचं नाव पाटीवर घालायचं. सूचक म्हणून माझं नाव टाक."