खालच्या भोकातून आलेलं पाणी

"पोरी, डबा बदल. मुळ्यासले जागाच नही शे."

भिकुबाईंनी सुनेला हे सांगितलं तेव्हा फाल्गुन लागला होता. सून प्रमिला हसली. म्हणाली, "अक्का, बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं माझं, मुळांचं कळतं मला. रोज दोन तांबे पाणी घालते, खालून गळेपर्यंत. आता हलवलं तर मरेल हो ते."

"पाणी बठ्ठं खाले निंघी जास," भिकुबाई म्हणाल्या. "पोटमा काही जात नही."

पण प्रमिला तोवर स्वयंपाकघरात गेली होती.

मित्रांनो, ज्या डब्याबद्दल हे बोलणं झालं, तो डबा म्हणजे मी. मी एक जुना, पंधरा किलोचा, तेलाचा डबा आहे. धुळ्याच्या एका तेलघाण्यावर मला पहिल्यांदा शेंगदाण्याचं तेल मिळालं. तेव्हा मी इतका चकचकीत होतो की दुकानदार माझ्यात बघून टोपी नीट करायचा. जळगावला रुपचंदभाऊंच्या घरी आलो, तेल संपलं, आणि माझं तोंड कापलं गेलं. आता भंगारात जाणार असं मला वाटलं. पण त्याच आठवड्यात साक्रीकडच्या गावाहून भिकुबाई कायमच्या राहायला आल्या. त्यांचे मालक वारले होते. मुलगा रुपचंद म्हणाला, आता एकटीनं राहायचं नाही. एस.टी.तून उतरताना त्यांच्या हातात एक ट्रंक होती आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची फांदी. शेतातल्या विहिरीवरच्या मोगऱ्याची.

खिळ्यानं माझ्या बुडाला दोन भोकं पाडली, हिरवा रंग दिला, माती भरली, ती फांदी लावली. झालो मी कुंडी! केवढा मान वाटला.

प्रमिलानं मला बाहेर ठेवलं नाही. गल्लीतल्या शेळ्या खातील, जळगावचं ऊन जाळेल, पोरं पानं तोडतील. तिला सगळ्याचीच भीती वाटायची. मी पुढच्या खोलीत, खिडकीशी. भिकुबाई मागच्या खोलीत. त्यांनाही ती जिवापाड जपायची. "अक्का, बाहेर नका जाऊ, चक्कर येईल." "अक्का, राहू द्या, भांडी मी घासते." ताट वेळेवर, दूध वेळेवर. भिकुबाई 'बरं' म्हणत आणि भिंतीला टेकून बसत.

पहिल्या उन्हाळ्यात मोगऱ्याला सात फुलं आली. दुसऱ्या उन्हाळ्यात ओंजळभर. तिसऱ्या वर्षी मात्र फाल्गुन सरत आला तरी नुसती पानं. शेजारच्या बेबाबाई दारातूनच ओरडल्या, "काय वहिनी, मोगरा शे का मेथीनी जुडी?" प्रमिला वरवर हसली, पण त्या दिवसापासून तिनं तिसरा तांब्या सुरू केला. माझ्याखालच्या ताटलीत पाणी लगेच उतरायचं. ते बघून तिला समाधान वाटायचं, की चला, झाड पोटभर प्यालं.

आत काय चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. मुळं माझ्या पत्र्याला येऊन थडकत आणि वळत. पुन्हा थडकत, पुन्हा वळत. माती कुठे उरलीच नव्हती. पाणी कडेकडेनं धावत भोकातून पळून जाई आणि मधला गड्डा कोरडाच राही. आणि मी? आपण किती घट्ट धरलंय याचा मला अभिमान वाटत होता. आज ते सांगतानाही लाज वाटते.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रेशमाची पहिली गौराई बसणार होती. रेशमा प्रमिलाची सहा वर्षांची लेक. तिनं सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, की आखाजीला आमच्या गौराईला घरचाच गजरा! चैत्रात अकरा कळ्या धरल्या. रेशमा रोज शाळेतून आली की दप्तरासकट त्या मोजायची. मग एक कळी पिवळी पडली. मग चार. आखाजीच्या आदल्या दिवशी शेवटची कळी ताटलीतल्या पाण्यात पडली. रेशमा रडली नाही. तिनं ती कळी उचलून आईपुढे धरली आणि विचारलं, "आई, तू पाणी घातलं नव्हतं का?"

गौराईला बाजारचा गजरा आला.

आषाढात पानंही गळू लागली, तेव्हा प्रमिला मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मान खाली. "अक्का, चुकलं माझं. काय करायचं ते सांगा."

भिकुबाई एक शब्द टोचून बोलल्या नाहीत. पत्रा कापायची कात्री मागवली, अंगणात बसल्या आणि मला उभा चिरला. मला दुखलं नाही. आतून जे निघालं ते बघून मात्र कुठे तोंड लपवू असं झालं. मुळांचा गुंता हुबेहूब माझ्याच आकाराचा झाला होता. चौकोनी, कोपऱ्यांसकट. प्रमिलानं मध्ये बोट खुपसलं. पावसाळा चालू होता आणि आत भुसा निघाला.

भिकुबाईंनी बाहेरची मुळं विळ्यानं छाटली, आतली बोटांनी हलक्या हातानं सोडवली, जशी नातीची वेणी सोडवावी तशी. मग अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा केला. हात कोपरापर्यंत मातीत. तीन वर्षांत त्यांना मातीत हात घालताना मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी मूठभर माती नाकाशी नेली आणि तशाच बसून राहिल्या.

प्रमिला बघत होती. हळूच म्हणाली, "अक्का, इथं करमतं ना तुम्हाला?"

"हाव. मी बरी शे."

उत्तर लगेच आलं. फार लगेच. मी चिरलेला पडलो होतो, तरी मला ते ओळखू आलं. ते भोकातून पळणारं पाणी होतं. प्रमिलालाही ओळखू आलं असावं. एरवी ती उठून कामाला लागली असती. त्या दिवशी ती चिखलातच खाली बसली. मग पुन्हा विचारलं, "अक्का, खरं सांगा."

भिकुबाईंनी झाडाभोवतीची माती दाबली. आणखी एकदा दाबली.

"हिरवरना मोगरा आते कसा व्हई, कोन जाणे," त्या म्हणाल्या. हिर म्हणजे गावाकडची ती शेतातली विहीर. पदर डोळ्यांना लागला, त्याला मातीही लागली.

पुढच्या आखाजीला अंगणातला मोगरा फुलला. रेशमानं गजरा ओल्या फडक्यात गुंडाळला आणि आईबरोबर साक्रीच्या एस.टी.त बसली, कारण गौराई त्या वर्षी आजीच्या गावच्या घरात होती. भिकुबाई दिवाळीनंतरच तिकडे राहायला गेल्या होत्या. शेजारी चुलत दीर होते, महिन्याला रुपचंदभाऊंची फेरी होती. प्रमिलाला काळजी वाटतच होती. तिनं ती आपल्याजवळ ठेवली.

मी आता अंगणातच आडवा आहे. माझ्यात मातीची वाटी बसवून चिमण्यांसाठी पाणी ठेवतात.

मित्रांनो, कुंडीच्या बुडाशी मुळं दिसली तर जागा मोठी करा, हे तर करालच. पण तुमच्याही घरात मागच्या खोलीत कुणी असेल, ज्याला सगळं वेळेवर मिळतं आणि जे विचारल्यावर लगेच 'मी बरी आहे' म्हणतं. आज त्यांच्याकडे जा. विचारा. उत्तर लगेच आलं तर उठू नका. तिथंच बसा, आणि पुन्हा एकदा विचारा.