शारजाची लाइन

"ज्याचे ज्याचे गेले, त्याचे त्याले वापस करून टाक," सादिक फोनवर म्हणाला. "घर इकाव लागलं तरी चालन."

निशातला वाटलं, फोन बिघडला. तिने तो हातावर आपटला, पुन्हा कानाला लावला.

"कोनाचे गेले? काय गेलं?"

"मांगच्या महिन्यातली मॅच. बल्लारपूर, राजुरा, घुग्घुस, जिथी जिथी आपली लाइन हाय, तिथी जे डाव लावून हारले ते. मॅच आधीच इकलेली होती, निशात. खेळनारेच मिळालेले. मले मागून समजलं."

"मंग तुम्ही थोडीच इकली?"

"पैसे त माझ्या हातात ठेवले होते ना त्यायनं," सादिक म्हणाला आणि फोन कटला.

निशात भिंतीला टेकून उभी राहिली. बल्लारपुरातलं हे घर होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्याआधी अकरा वर्षं ती सासूच्या चुलीवर, तीन जावांसोबत पाळीपाळीने रांधत होती. इथे आल्यावर तिने मिठाची बरणी खिडकीशी ठेवली आणि ती दुसऱ्या दिवशीही खिडकीशीच सापडली, तेव्हा ती एकटीच हसली होती. घर सादिकने तिच्याच नावावर केलं होतं. विकायचं तर सही तिची.

सादिक मूळचा मोटारी भरणारा. जळालेल्या पंपाची तार उकलायची, नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. चौऱ्याण्णव साली एसी दुरुस्त करायला म्हणून शारजाला गेला. तिथे एका खोलीचा एसी बिघडला होता. खोलीत पंधरा-वीस फोन, आणि प्रत्येक फोनवर एक माणूस क्रिकेटच्या सट्ट्याचे भाव ओरडत होता. एसी सुरू झाला, पण सादिक खोलीतून निघाला नाही. आधी तिथेच कामाला लागला आणि दोन वर्षांत त्याने इकडच्या मुलखासाठी स्वतःची वेगळी लाइन उघडली. पेपर मिलचे कामगार, खाणीतले लोक, चंद्रपूरचे कापडवाले, सगळे शारजाला डाव लावू लागले. सादिकचा सादिकशेठ झाला.

"तुम्ही तिथी करता काय नेमकं?" निशातने त्याला सुट्टीवर आल्यावर विचारलं होतं.

"भाव इकतो."

"कायचा भाव?"

"जे अजून झालं नाई, त्याचा."

तिने यावर पुष्कळ विचार केला होता. कांद्याचा भाव तिला कळत होता. न झालेल्या गोष्टीला भाव कसा लागतो, आणि लागला तर लोक तो देतात कशाला, हे कोडं तिला भाजी चिरताना मध्येच आठवे.

चंद्रपूरहून तिचा थोरला भाऊ अजीम आला. त्याचं चपलांचं दुकान होतं.

"पागल झाला तो," अजीम म्हणाला. "सट्ट्यातले पैसे वापस देल्लेले कधी आयकले का तू? जे जिंकले ते देऊन राह्यले का वापस?"

"नाई."

"मंग यानंच काऊन द्याचे? त्याच्या वरचे मुंबईवाले देऊन राह्यले का?"

"ते म्हनतेत, चूप राय."

"बरोबर म्हनतेत. तू सही करू नको, बस. चार दिवस बोंबलन, मंग थंडा होईन."

"भाईजान, पन यायले हे सुचलं कुठून?"

"मले काय मालूम? तुह्या नवऱ्याच्या डोक्यात तूच पाय."

तिला नेमकं तेच पाहायचं होतं. सादिक भोळा नव्हता. पैशाला पक्का होता. भंगारातली तारसुद्धा तोलून घेणारा माणूस आपण होऊन घर विकायला का निघतो? तिला पोचू आठवला. त्यांच्या लग्नात डोंगरावरून दोन कोंबडे काखेत मारून आलेला गोंड माणूस. सादिक लग्नाआधी त्याच्याकडे महिनोन् महिने राहायचा. शारजाहून फोन केला तरी आधी विचारायचा, "पोचूभाऊ आला होता का बाजारात?"

आठवडी बाजाराच्या दिवशी निशातने डोंगरावरच्या जिवतीची बस धरली.

पोचू मोहाच्या झाडाखाली बसला होता. मांडीवर लाल कोंबडा, आणि त्याच्या पिसांमधून बोट फिरवणं चालू.

"भाभी! एकलीच आली? सादिक बरा हाय ना?"

"बरा हाय. पोचूभाऊ, हे तुमच्यापाशी राहून काय शिकले?"

"शिकन काय? कोंबडा धरताबी येत नोहता त्याले. दोनदा चोच खाल्ली."

"मंग कोंबड्यायच्या झुंजीत, त्या कोंबडबाजारात, काय करत होते?"

पोचूने कोंबडा टोपलीखाली झाकला. "पाय, आमच्यात समदे एकमेकाचे सोयरे. एक कोंबडा साल्याचा, दुसरा भाटव्याचा. डावाचे पैसे कोनाच्या हाती देनार? तो पंप सुधरवाले आलता. ना कोनाचा साला, ना कोनाचा भाटवा. म्हटलं, तूच धर पैसे."

"लिहून घेत होते?"

"लिवाले येते कोनाले? चार मानसात उभं राहून मोठ्यानं म्हनाचं, मी इतके लावले. झालं."

"कोनी खोटं म्हटलं तं?"

"बायकोले म्हनतेत खोटं. तिथी काऊन म्हनन?"

निशातला हसू आलं. पोचूही हसला, मग थांबून म्हणाला, "एक डाव झाली होती गडबड. कोंबड्याच्या पायाले पात्यासारखी काती बांधतेत ना, त्या कातीले एकानं वीख लावलं. समोरचा कोंबडा खरचटला अन् जागीच मेला. समजेपावतर पैसे वाटून झाले होते. जिंकनारा डोंगर उतरून पसार. आता हारनाऱ्यायचे कोन देनार?"

"कोन?"

"ज्यानं धरले तो. रीत हाय. सादिकनं सायकल इकली. आम्ही म्हटलं, राहू दे बापा, तू भाईरचा मानूस. आयकलं नाई. बल्लारपूरले पायदल गेला." पोचूने डोळे पुसले, हसून की कशाने ते कळलं नाही. "त्याच्यानंतर पहाडावर कोनी दुसऱ्याच्या हाती पैसे देल्लेच नाई."

निशातने मग त्याला शारजाची सगळी गोष्ट सांगितली. पोचू मान तिरपी करून ऐकत होता.

"मले एक सांग. ज्यायच्यावर डाव लावतेत, ते खेळनारे लोकायले दिसतेत काय?"

"टीवीत दिसतेत."

"हात लावून पायता येते?"

"नाई."

"मंग कातीवरचं वीख कसं समजन?" पोचू खरोखरच विचारात पडला. "लई अवघड धंदा हाय, भाभी."

परतीच्या बसमध्ये निशात खिडकीपाशी बसली. डोंगर मागे पडले, खाणींचे काळे ढीग सुरू झाले. तिला नवऱ्याचा राग येत होता. त्याने सायकल विकली तेव्हा ती एकट्याची होती. घर दोघांचं होतं. पण आता तो तिला नवा दिसत नव्हता, सायकल विकणाराच घर विकत होता, आणि त्यामुळे तिला सही नाकारायला तोंड राहिलं नव्हतं.

घर कोळशाच्या एका ठेकेदाराने घेतलं. ताबा द्यायच्या आधी एका रविवारी निशातने अंगणात सतरंजी टाकली. बल्लारपुरात सादिकसाठी डाव गोळा करणारा मुखरू म्हणाला, "भाभी, कोनाचे किती ते मी सांगतो ना."

"नोको. ज्यानं त्यानं मोठ्यानं म्हनावं. चार मानसात."

"हे पहाड नोय, भाभी. बल्लारपूर हाय."

"मले मालूम हाय."

पोचू मुद्दाम आला होता. तो उंबऱ्यापाशी उकिडवा बसला. पहिल्यांदा आले ते खरेच हरलेले. चहावाला, एक इंजिन ड्रायव्हर, मिलमधले दोघे. लाजत आकडा सांगायचे, पैसे घेऊन मान खाली घालून जायचे. दुपारपर्यंत बातमी पसरली आणि फाटकाबाहेर गर्दी वाढली. त्या गर्दीतून बिरजू पुढे आला. मॅचच्या दिवशी बिरजू कंबर धरून नागपूरच्या दवाखान्यात पडला होता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. त्याने आकडा सांगितला. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"मोठ्यानं म्हना, बिरजूभाऊ," निशात म्हणाली. "मांगच्यायले आयकू नाई आलं."

बिरजूने पुन्हा सांगितला. या वेळी आवाज आणखी बारीक निघाला. निशातने पैसे दिले.

पोचू तिच्याकडे सरकला. "भाभी, हा खोटं बोलून राह्यला ना?"

"हो."

"मंग देल्ले काऊन?"

"रीत तुमची हाय, पोचूभाऊ. खोटं बोलनाऱ्याले रीतीत काय करतेत?"

पोचूने अंगणातल्या माणसांकडे पाहिलं. "तसा कोनी आलाच नाई अजून," तो म्हणाला.

बिरजूमागून तसे पुष्कळ आले. संध्याकाळी सतरंजी झटकली तेव्हा घराच्या पैशांतलं काही उरलं नव्हतं.

तिकडे शारजात वरच्यांनी सादिकचे फोन काढून घेतले. एक हरलेली मॅच परत केली, तर उद्या सगळ्या हरलेल्या मॅच दारात येऊन उभ्या राहतील, असं त्यांचं म्हणणं. धंद्याच्या हिशेबाने ते चुकीचंही नव्हतं. सादिक एका बॅगेनिशी परत आला. स्टेशनवर त्याला घ्यायला निशात एकटीच होती.

"सगळ्यायचे देल्ले?" त्याने विचारलं.

"ज्यायचे नोहते गेले, त्यायचेबी देल्ले."

 त्याने तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

बल्लारपुरात लोक त्याला बघून रस्ता बदलू लागले. पैसे घेतलेले तर हमखास. म्हणून दोघं जिवतीला आली. स्टँडजवळ एक टपरी मिळाली, मागे दोन खोल्या. सादिक पुन्हा पंपांच्या मोटारी भरू लागला.

एका दुपारी निशात डबा घेऊन आली, तर टपरीत कोणी नव्हतं. सादिक शेजारी कमळाबाईच्या हॉटेलात, टीव्हीसमोरच्या बाकावर बसला होता. बोटांना तांब्याच्या तारेचे काप, आणि मान पुढे काढलेली. मॅच चालली होती. हॉटेलातली माणसं चहा पीत गप्पा मारत होती. त्याला कोणी भाव विचारला नाही.

"कमळाबाई," त्याने हळूच विचारलं, "हा बॅटिंग करून राह्यला तो कोन होय?"

कमळाबाईने नाव सांगितलं.

"हा? हा डावखुरा हाय?"

"घ्या! इतकी वर्सं याचेच भाव सांगत होते ना, सादिकभाऊ?"

"नाव आयकत होतो. पंधरा फोन वाजत, वर पाहाले टाइम कोनाले होता? मले वाटे, उजवा असन."

निशातला एकदम हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, तरी ते थांबेना. सादिकने वळून पाहिलं, तोही ओशाळून हसला, आणि सरकून तिला बाकावर जागा करून दिली. तिने डबा उघडला. त्याने टीव्हीवरची नजर न काढता हात पुढे केला आणि तिने भाकरी मोडून त्यावर ठेवली. घास तसाच हातात राहिला. डावखुरा पुढच्या चेंडूसाठी उभा राहत होता.