कोरड्या गाडीचा वास

आसिम मिस्त्रीला इंजिनाचा आवाज कळायचा, गिअरचं दुखणं कळायचं. बॉनेटवर नुसतं बोट वाजवलं तरी ते ठोकून सरळ केलेलं आहे की मूळचंच आहे, हे तो सांगायचा. कळायचा नाही तो फक्त वास. पंधरा वर्षं रंगाच्या आणि थिनरच्या वाफेत काढलेल्या त्या नाकाला आता पेट्रोल काय आणि बिर्याणी काय, सारखंच. आणि जुनी गाडी घेताना खरी चहाडी करतो तो वासच. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून बाजारात येतात. आसिम म्हणायचा, "सीट बदलता येते, पट्टा धुता येते. वास नाही धुता येत."

म्हणून पांढरकवड्यात कोणाला जुनी गाडी घ्यायची झाली की आसिम ती आधी आपल्या दारात आणून उभी करायचा. काचा बंद. शमा पिठाचे हात पुसत यायची, आत बसायची, डोळे मिटायची. "कोरडी," म्हणाली की सौदा पक्का. "ओल हाय," म्हणाली की गाडी आल्या पावली परत. लग्नाला सात वर्षं झाली, तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं. गावातल्या निम्म्या गाड्यांत ती मालकिणीच्याही आधी बसली होती. पण त्यांतल्या एकीनंही तिला गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं नव्हतं.

घरची सवारी मोटरसायकल. सहा वर्षांची माहनूर टाकीवर, शमा मागे, तिच्या मांडीत आठ महिन्यांचा अब्रार, आणि सासू आयशाबी गुडघे धरून घरी. बोरी अरबला माहेरी निघायचं म्हणजे एसटी बदला, ऑटो बघा, लेकराच्या ओकाऱ्या पुसा. "एक चांगली आली की आपली," असं आसिम दर ईदेला म्हणायचा. चांगली यायची, आणि लोकांची व्हायची.

दिवाळी झाली आणि धम्मरत्न गुरुजींची पांढरी गाडी आली. छोटीशीच, दीड वर्षाची, कुठं ओरखडा नाही. गुरुजींनी ती बायकोला यवतमाळच्या दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी घेतली होती. बाई गेल्या, आणि गुरुजींना गाडीकडे बघवेना.

शमा आत बसली, डोळे मिटले. मोसंबीच्या सालीचा मंद वास. त्याखाली कोरडं कापड, दुसरं काही नाही. तिनं डोळे उघडलेच नाहीत. मागच्या सीटवर चढून माहनूर जागा वाटत होती. "इथं दादी. इथं मी. अब्रार अम्मीपाशी."

आसिम खिडकीशी वाकला. "असं इंजिन मी लय दिवसांत नाही पायलं, शमा. मी म्हनतो, हे आपल्यालेच..."

त्याचं बोलणं तिथंच राहिलं, कारण दारात स्कूटी थांबली. स्कूटीवर निशिगंधा, पुढे तिची चार वर्षांची लेक, आणि मागून मोटरसायकलवर तिचा नवरा अमर.

शाळेत शमा आणि निशिगंधा एका बाकावरच्या. गणितं शमाची, उतरवायची निशिगंधानं. बारावीनंतर शमाचं लग्न झालं. निशिगंधा शिकत राहिली, मास्तरीण झाली, आता कोलाम आदिवासींच्या जंगलातल्या एका पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, शाळेत होती. गावातली माणसं तिला मॅडम म्हणत, आणि ते ऐकलं की शमाला तिचा बारीक हेवा वाटे. मैत्रीण चांगली होती, कधी वाईट वागली नव्हती. तेच तर दुखणं होतं. वाईट वागली असती तर मनसोक्त रागावता आलं असतं.

"आसिमभाई, हेच का ते?" अमर गाडीभोवती फिरत म्हणाला. "तुम्ही जबान देल्ली होती, पहिली चांगली गाडी आमची."

आसिमनं शमाकडे बघितलं नाही. "देल्ली होती, अमरभाऊ."

निशिगंधानं दार उघडून लेकीला मागे चढवलं आणि माहनूरच्या गालाला हात लावत गोडीनं म्हणाली, "उतर बरं बेटा, चपला लागतील सीटले."

माहनूर उतरली. निमूटपणे, दोन्ही चपला हातात घेऊन.

शमानं ते आरशात बघितलं.

"सांग शमा," आसिम म्हणाला. "कशी हाय?"

"ओल हाय," शमा म्हणाली. "सीटखाली. गाळाचा वास येते."

आसिम चमकला. त्यानं सीट-बेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला, गाळाचा डाग कुठंच नाही, पट्टा कोरा. पण सात वर्षांचा भरवसा त्या कोऱ्या पट्ट्याहून जड होता. "नाही अमरभाऊ," तो म्हणाला. "ही घेऊ नका. पान्याची गाडी घरापाशी दगा नाही देत. जंगलात देते."

निशिगंधानं शमाचे दोन्ही हात धरले. "वाचवलं वं शमे तू मले."

संध्याकाळी गुरुजी गाडी न्यायला आले. भांडले नाहीत. टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. "ओल आली कुठून असंल, मिस्त्री? मी तर गाडी उघड्यावर उभी केली नाही. बायकोला मळमळायचं म्हणून मोसंबीची साल ठेवत होतो, तेवढीच काय ती."

आत भाकरी थापताना शमाच्या हातातली भाकरी फाटली. आयशाबीनं मान वर केली.

शमाचा हिशोब सरळ होता. गाडीला बट्टा लागला, आता ती कोणी घेणार नाही. मग आसिमच्या कानावर हळूच घालायचं. चार दिवसांनी ताटात वरण वाढताना तिनं घातलं. "अजी, वास काही जलमाचा नसते म्हनतात. गुरुजींची गाडी उन्हात ठेवली तं..."

आसिमचा घास हातातच राहिला. "पान्याची गाडी? माह्या लेकराइले बसवू त्याच्यात? तूच सांगतलं न ओल हाय म्हनून!"

आपल्याच हातानं लावलेली कडी, आणि आपणच बाहेर.

आणखी आठ दिवस गेले. एका सकाळी दारात हॉर्न वाजला. शमा बाहेर आली तर लालभडक, उंच, थोराड गाडी उभी. चालवायला खुद्द निशिगंधा. बोटात किल्ली फिरवत ती उतरली, आणि त्या किल्लीबरोबर शमाचं काळीजही फिरलं.

"एजंटाची हाय," अमर म्हणाला. "आजच्या दिवस पाहाले देल्ली. एक अट हाय त्याची, काही खोलाचं नाही. खोललं तं सौदा मोडला."

"मी म्हनलं, शमाच्या नाकाशिवाय मी सही करत नाही," निशिगंधा म्हणाली. "बस वं."

शमा बसली. अत्तर असं मारलेलं, की डोळ्यांत पाणी यावं. ती थांबली. अत्तराच्या खालून, पार खालून, तो आला. कित्येक दिवस न घासलेल्या रांजणाच्या बुडाचा वास.

आणि आता खरं सांगायचं तर, पहिला विचार तिच्या मनात आला तो असा: घेऊ दे. मिरवू दे चार दिवस मॅडमला. मग पडू दे बंद भर रस्त्यात.

मागच्या सीटवर निशिगंधाची लेक उभी राहून काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटानं काहीतरी काढत होती. पोडाचा रस्ता शमाला ठाऊक होता. मधे पाच-सात किलोमीटर नुसता सागवान, ना माणूस ना मोबाइलची रेंज.

"ओल हाय," ती म्हणाली.

अमर हसला. त्या हसण्यात गंमत कमी होती. "भाभी, तुमच्या नाकाले सगळ्याच गाड्या वल्या लागतात काय? मी गुरुजींले भेटलो परवा. ते म्हने, माही गाडी कोरडी ठाक हाय, तिच्या मालकिनीची शप्पथ. म्हातारा मानूस बायकोची खोटी शप्पथ कायले खाईल? मंग कोनाचं ऐकू मी? चाल निशी. घेऊन टाकू."

निशिगंधा शमाकडे बघत होती. आसिम शमाकडे बघत होता. तिचा हात दाराच्या कडीवर होता. गप्प राहिलं असतं तर सगळं झाकलं गेलं असतं.

"गुरुजी खरं बोलले," शमा म्हणाली. "त्याइची गाडी कोरडी होती. मी खोटं बोलली."

"काहून?" आसिमनं विचारलं. आवाज इतका हळू, की अमरनं नंतर सांगितलं, त्याला तो ऐकूच आला नाही.

"मले पाहिजे होती." ती निशिगंधाकडे वळली, आता थांबणं तिच्या हातात नव्हतं. "तुमची पोरगी चढली अन् माही उतरली. मले नाही पाहावलं. त्या टायमाले मी खोटं बोलली. आता नाही बोलून राह्यली. हे गाडी बुडलेली हाय, निशिगंधा. माह्यावर थुंक पाहिजे तं, पन हे घेऊ नको."

निशिगंधानं किल्ली आसिमपुढे धरली. "खोला, आसिमभाई. सौदा मोडला तं मोडू द्या."

"निशी, अवं ते एजंट..."

"खोला म्हनलं न मी."

आसिमनं दाराखालची पट्टी उचकटली, गालिचा वर केला. खाली फोमात वाळलेला गाळ बसला होता, काळा, बारीक. त्यात गोगलगाईचं एक इवलंसं कवच. अमरनं ते चिमटीत उचललं, बघितलं आणि खिशात टाकलं. एजंटाला दाखवायला असावं.

निशिगंधा लेकीला कडेवर घेऊन शमासमोर आली. डोळे लाल. "तुले पाहिजे होती तं सांगाचं असतं. मी नसती सोडली. पन तू सांगाचं असतं."

दुसऱ्या दिवशी आसिम स्वतः गुरुजींकडे गेला, हात जोडून आला. गुरुजींची गाडी निशिगंधाच्या अंगणात गेली. रोज सकाळी ती गल्लीच्या तोंडावरून शाळेला जायची. पहिले काही दिवस हॉर्न वाजला नाही. मग एकदा वाजला, आखूड. शमा खिडकीपासून मागे सरकली. खोटं कबूल केलं म्हणून हेवा जातो थोडाच.

आसिम शमावर ओरडला नाही. त्यानं नुसतं तिला गाड्यांपाशी बोलावणं बंद केलं. हा मार ओरडण्याहून मोठा होता. तो आता आईला न्यायचा. आयशाबी गुडघे धरत आत बसायची, जोरात श्वास घ्यायची आणि म्हणायची, "मले त जर्द्याचाच वास येते बापा."

"अम्मी, तो तुमच्या तोंडातला जर्दा हाय."

"मंग मले कायले बसवतं? जिले नाक हाय तिले बसव. रुसून काय गाड्या पारखता येतात?"

तिसऱ्या आठवड्यात दारात एक करडी गाडी आली. दोन वर्षांची, पाटणबोरीच्या कोणासाठी बघायची. आसिम तिच्यात बसला, उतरला, पुन्हा बसला. बंद काचांमागं त्याला नाक फुगवताना शमा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. शेवटी तो दाराशी आला, मळका फडका हातात पिळत.

"शमा."

ती अब्रारला सासूच्या मांडीत ठेवून बाहेर आली. आत बसली. माहनूर मागे धावली, दाराशी थांबली आणि चपला काढून हातात घेतल्या. शमानं ते बघितलं. डोळे मिटायच्या आधी ती म्हणाली, "अजी, पहिले सांगून ठेवते. हे गाडी मले आवडली. लय आवडली."

"ते नाही विचारलं मी."

"नाही विचारलं. पन सांगून ठेवते. आता विचारा."

आसिमनं हातातला फडका खांद्यावर टाकला. मग वाकून त्यानं माहनूरला उचललं, चपलांसकट मागच्या सीटवर ठेवलं आणि काच वर केली.

"विचारलं," तो म्हणाला.

शमानं डोळे मिटले. श्वास आत घेतला, पार तळापर्यंत.

"कोरडी," ती म्हणाली.